माणूस बदलला, मोजपट्टी तीच राहिली



शाळेचा संघ तालुक्याच्या सामन्यांत हरून परतला म्हणजे ‘मुले कशी खेळली?’ हा प्रश्न गावात क्वचितच विचारला जातो. ‘त्यांना शिकविणारा कोण?’ हा प्रश्न मात्र हटकून निघतो. संघ दुसऱ्यांदा हरला की शिक्षकाच्या बदलीची भाषा सुरू होते आणि तिसऱ्यांदा हरला की पूर्वीच्या एखाद्या क्रीडाशिक्षकाची आठवण काढून हळहळ व्यक्त केली जाते. हा अनुभव केवळ आपल्याकडचाच आहे असे मात्र नव्हे. ज्या देशात बास्केटबॉल जन्मास आला, त्या अमेरिकेतील एका नामांकित विद्यापीठाने हाच अनुभव गेली कित्येक वर्षे घेतला आहे. त्याची हकीकत क्रीडाशिक्षकांना तर उद्बोधक आहेच, पण ज्यांच्या हाती नेमणुका आणि बदल्या असतात त्यांनाही ती विचार करावयास लावील अशी आहे.

या खेळाचा जनक जेम्स नेस्मिथ हा मूळचा कॅनडाचा शिक्षक. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात, हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घरात खेळता यावे म्हणून त्याने सज्जाला फळांच्या टोपल्या ठोकून हा खेळ सुरू केला. याच संस्थेच्या कार्यकर्त्यांमार्फत तो भारतात आला. १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रास येथे शारीरिक शिक्षणाची जी संस्था स्थापन केली, तिचा आपल्याकडील क्रीडाशिक्षणावरील ठसा सर्वश्रुत आहे. नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात शिक्षक झाला व १८९८ ते १९०७ या काळात तेथील संघाचा मार्गदर्शकही होता. त्या संघाने त्याच्या हाताखाली ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराजय अधिक असलेला एकच गृहस्थ आढळतो, आणि तो म्हणजे या खेळाचा जनक! केवळ गुणफलकावरून माणसाची पारख करू पाहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

शिकागोतील विद्यापीठ

१८९३ साली ज्या शिकागो शहरात सर्वधर्मपरिषद भरली व स्वामी विवेकानंदांचा आवाज जगापुढे गेला, त्याच शहरात पाच वर्षांनी कॅथलिक पंथीयांनी एक महाविद्यालय काढले. तेच आजचे डीपॉल विद्यापीठ. १९४२ साली या विद्यापीठाने रे मायर नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाकडे बास्केटबॉल संघ सोपविला.

त्याच वर्षी त्याच्या हाती जॉर्ज मायकन नावाचा विद्यार्थी आला. उंची सहा फूट दहा इंच, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आणि चालण्यात अवघडलेपण. इतका उंच मुलगा चपळाईच्या खेळात काय कामाचा, असेच त्या काळी बहुतेकांना वाटे. मायरने त्याच्याकडून दोरीवरच्या उड्या मारवून घेतल्या, मुष्टियुद्धाचा सराव करविला, इतकेच नव्हे तर पावले हलकी पडावीत म्हणून नृत्यही शिकविले. टोपलीच्या दोन्ही बाजूंनी, आलटून पालटून दोन्ही हातांनी चेंडू टाकण्याचा जो सराव त्याने मायकनकडून करून घेतला, तो आजही मायकनच्याच नावाने ओळखला जातो. १९४५ साली न्यूयॉर्कमधील राष्ट्रीय निमंत्रितांच्या स्पर्धेत डीपॉलने विजेतेपद मिळविले. त्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मायकनने एकट्याने ५३ गुण केले आणि प्रतिस्पर्धी ऱ्होड आयलंड संघाचे एकूण गुणही तितकेच होते.

अशा आरंभानंतर यशाची चढती कमान दिसावी अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात तसे झाले नाही. पुढील तीन दशकांत डीपॉलच्या वाट्याला चांगली वर्षे आली तशी साधारण वर्षेही आली. १९७०-७१ च्या हंगामात तर संघाने केवळ आठ सामने जिंकले व सतरा गमावले. मायर तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते व त्यांच्या सेवेची जवळजवळ तीन दशके झाली होती. निवृत्तीचा नारळ देण्यास याहून सोयीचा मुहूर्त मिळाला नसता. तरीही ते पदावर राहिले. आठ वर्षांनी, १९७९ साली, त्यांच्या संघाने बलाढ्य यू.सी.एल.ए. संघाला ९५-९१ असे नमवून राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चार संघांत स्थान मिळविले. उपांत्य सामन्यात लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेट संघाकडून त्यांना अवघ्या दोन गुणांनी हार पत्करावी लागली.

त्यानंतरची तीन वर्षे मोठी विलक्षण होती. १९८०, १९८१ आणि १९८२ या तिन्ही वर्षी डीपॉल हा देशातील अग्रगण्य संघांत गणला गेला, राष्ट्रीय स्पर्धेत त्याला आपल्या विभागातील पहिले मानांकन मिळाले आणि तिन्ही वर्षी तो आपल्या पहिल्याच सामन्यात पराभूत झाला. १९८१ सालचा सेंट जोसेफ्स संघाविरुद्धचा सामना तर ४९-४८ असा एका गुणाने गेला. तरीही प्रशिक्षक बदलला गेला नाही. बेचाळीस हंगामांत ७२४ विजय व ३५४ पराजय अशी नोंद करून १९८४ साली रे मायर स्वेच्छेने निवृत्त झाले.

वारसा आणि ओझे

त्यांच्या जागी त्यांचेच पुत्र व अनेक वर्षांचे सहायक जोई मायर यांची नेमणूक झाली. वडिलांच्या गादीवर बसणाऱ्या मुलाचे मूल्यमापन लोक दोन मापांनी करतात. त्याचे यश वडिलांच्या खात्यात जमा होते आणि अपयश मात्र त्याच्या स्वतःच्या. जोई मायर यांचा आरंभ उत्तम झाला. १९८६-८७ च्या हंगामात त्यांच्या संघाने २८ सामने जिंकले व अवघे तीन गमावले. पहिल्या आठ वर्षांत सात वेळा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळला. पुढे मात्र उतरती कळा लागली. १९९६-९७ च्या हंगामात तीन विजय आणि तेवीस पराजय अशी स्थिती झाली आणि त्यांना पद सोडावे लागले. पंचावन्न वर्षे एकाच घराण्याकडे असलेली जबाबदारी अशा रीतीने संपली. वृद्ध पित्याला हा आघात फार लागला. निवृत्तीनंतरही विद्यापीठाच्या कामात असलेले रे मायर त्या वेळी त्या कामातूनही दूर झाले.

येथून पुढे नेमणुकांची मालिका सुरू होते. १९९७ साली पॅट केनेडी आले. त्यांनी शिकागोतील गुणी मुले पुन्हा विद्यापीठाकडे वळविली आणि २००० साली संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला. परंतु चांगले खेळाडू शिक्षण अर्धवट सोडून व्यावसायिक खेळाकडे गेले. २००१-०२ मध्ये नऊ विजय व एकोणीस पराजय झाले आणि केनेडी गेले. २००२ साली डेव्ह लेटो आले. तीन वर्षांत त्यांनी ५८ विजय मिळविले व २००४ साली संघाला राष्ट्रीय स्पर्धेत नेले. या यशामुळे दुसऱ्या विद्यापीठाचे लक्ष त्यांच्याकडे वेधले आणि २००५ साली ते व्हर्जिनियास गेले. तेव्हापासून २०२५ पर्यंत डीपॉलचा पुरुष संघ राष्ट्रीय स्पर्धेत एकदाही पोहोचला नाही.

लेटो यांच्यानंतर जेरी वेनराइट, त्यानंतर २०१० साली ऑलिव्हर पर्नेल, २०१५ साली पुन्हा तेच डेव्ह लेटो, २०२१ साली टोनी स्टबलफील्ड आणि २०२४ साली ख्रिस होल्टमन असा क्रम लागतो. १९९७ ते २०२४ या सत्तावीस वर्षांत सात नेमणुका झाल्या. याखेरीज हंगामाच्या मध्येच प्रशिक्षक दूर केल्यामुळे दोन वेळा हंगामी प्रशिक्षकाकडे कारभार सोपवावा लागला.

चोपन्न सामने, दोन विजय

या काळातील दोन प्रसंग मुद्दाम पाहण्याजोगे आहेत.

पहिला प्रसंग २००८ ते २०११ या तीन हंगामांचा. अमेरिकेत विद्यापीठे आपसांत गट करून साखळी सामने खेळतात. डीपॉलने २००५ साली ‘बिग ईस्ट’ या गटात प्रवेश केला होता. २००८-०९ मध्ये वेनराइट यांच्या संघाने गटातील अठराही साखळी सामने गमावले. पुढच्या हंगामात, जानेवारी २०१० मध्ये, त्यांना दूर करून सहायक ट्रेसी वेबस्टर यांच्याकडे हंगामी कारभार देण्यात आला. त्या हंगामात अठरापैकी एक सामना जिंकला. नंतर मोठ्या अपेक्षेने आणलेल्या पर्नेल यांच्या पहिल्या हंगामातही अठरापैकी एकच सामना जिंकता आला. तीन हंगाम, तीन प्रशिक्षक, चोपन्न सामने आणि विजय दोन!

या आकड्यांमागे काही तरुण मुले होती याचे विस्मरण होऊ नये. २००७ च्या शरद ऋतूत जो विद्यार्थी या संघात दाखल झाला, त्याने चार वर्षांच्या शिक्षणात तीन गुरू पाहिले. प्रत्येकाची शिकविण्याची रीत निराळी आणि संघाची आखणीही निराळी. ज्या गुरूने त्याच्या घरी येऊन आईवडिलांना शब्द दिला असेल, तो शब्द पुरा होण्याच्या आतच तो गुरू पदावरून गेला.

दुसरा प्रसंग २०२३-२४ चा. त्या हंगामात स्टबलफील्ड यांच्या संघाने तीन सामने जिंकले व पंधरा गमावले, तेव्हा २०२४ च्या जानेवारीत त्यांना दूर करण्यात आले. मॅट ब्रेडी यांच्याकडे हंगामी सूत्रे आली. उरलेले चौदा सामने झाले आणि संघ चौदाही हरला. हंगामाच्या शेवटी तीन विजय व एकोणतीस पराजय अशी नोंद झाली. गटातील वीस साखळी सामन्यांत एकही विजय नव्हता. बुडत्या नावेचा नावाडी मध्येच उतरविला म्हणून नावेतील पाणी कमी होत नाही, हे येथे स्पष्ट दिसून आले.

दोष कोणाचा?

यावरून ‘प्रशिक्षक बदलले म्हणून संघ बिघडला’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो पुरा खरा नाही. संघ हरत होता म्हणूनही प्रशिक्षक बदलत गेले. पॅट केनेडी व ऑलिव्हर पर्नेल यांना प्रत्येकी पाच वर्षे मिळाली, वेनराइट यांनाही साडेचारच्या आसपास मिळाली. ही मुदत अगदीच तोकडी म्हणता येणार नाही. पर्नेल यांच्या पाच वर्षांत ५४ विजय व १०५ पराजय झाले. असे आकडे पाहून कोणतीही व्यवस्थापक मंडळी चिंतित होणारच. तेव्हा प्रत्येक नेमणूक चुकीची होती किंवा प्रत्येक बडतर्फी अन्यायाची होती असे म्हणण्यात अर्थ नाही. प्रश्न निराळाच आहे. माणसे बदलली जात असताना त्यांच्या भोवतीची कोणती परिस्थिती तशीच राहिली अथवा अधिक बिकट झाली, याचा विचार आवश्यक आहे.

पहिली गोष्ट स्पर्धेची. १९४३ साली डीपॉल राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेला, तेव्हा स्पर्धेत अवघे आठ संघ होते. १९७९ साली चाळीस होते, १९८५ पासून चौसष्ट झाले आणि २०११ पासून अडुसष्ट झाले. वरच्या श्रेणीत खेळणाऱ्या विद्यापीठांची संख्याही साडेतीनशेच्या वर गेली. रे मायर यांच्या काळात डीपॉल कोणत्याही गटात नव्हता. आपले प्रतिस्पर्धी निवडण्याची बरीचशी मोकळीक त्याला होती. ‘बिग ईस्ट’मध्ये मात्र व्हिलानोव्हा, मार्केट यांसारख्या तयारीच्या संघांशी दरवर्षी गाठ पडू लागली.

दुसरी गोष्ट मैदानाची. १९८० पर्यंत संघाचे सामने विद्यापीठाच्या आवारातील सभागृहात होत. संघाची कीर्ती वाढली तेव्हा ते रोझमाँट या उपनगरातील, विमानतळाजवळच्या, सुमारे सतरा हजार आसनांच्या भव्य इमारतीत नेण्यात आले. कीर्तीच्या दिवसांत ती इमारत भरत असे. पडत्या काळात मात्र विद्यार्थ्यांना दूरचा प्रवास करून पराजय पाहावयास जाण्याचा उत्साह कोठून राहणार? रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळणाऱ्या मुलांच्या मनावर काय परिणाम होत असेल, हे क्रीडाशिक्षकांना सांगावयास नको. २०१७ साली शहराच्या मध्यभागाजवळ सुमारे दहा हजार आसनांचे नवे क्रीडागृह झाले. ते जवळ आले, तरी संघाचे स्वतःचे जुने आवार ते नव्हे.

तिसरी गोष्ट खेळाडू मिळविण्याची. पाच खेळाडूंच्या खेळात दोन गुणी मुलांनी संघाचे रूप पालटते. शिकागोच्या शाळांतून अशी मुले दरवर्षी बाहेर पडतात. परंतु मुलाचे पालक विद्यापीठाच्या इमारतीपेक्षा समोर बसलेल्या प्रशिक्षकावर विश्वास ठेवून निर्णय घेतात. तो माणूस टिकेल की नाही याची शंका आली की मुलगा दुसरीकडे जातो. २०२१ पासून नियम बदलले. विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला वर्षभर थांबण्याची अट शिथिल झाली आणि आपल्या नावलौकिकावर पैसे मिळविण्याचीही मुभा मिळाली. तेव्हापासून प्रशिक्षक गेला की अर्धा संघ त्याच्या मागोमाग पांगण्याचा धोका अधिकच वाढला. शिवाय अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांतून काही विद्यापीठांना जे अमाप उत्पन्न मिळते, तेही डीपॉलला नाही, कारण त्याचा फुटबॉलचा संघच नाही.

अशा रीतीने स्पर्धा वाढली, मैदान दूर गेले, खेळाडू मिळणे अवघड झाले. पण अपेक्षेची मोजपट्टी मात्र १९७९ चीच राहिली. प्रत्येक नव्या प्रशिक्षकाच्या हाती हीच मोजपट्टी देण्यात आली. होल्टमन यांच्या पहिल्या हंगामात, २०२४-२५ मध्ये, चौदा विजय व वीस पराजय झाले. १९७९ शी तुलना केली तर हे अपयशच ठरते. आदल्या वर्षीच्या तीन विजयांशी तुलना केली तर मात्र हीच मोठी मजल दिसते. आकडे तेच, मोजपट्टी निराळी.

त्याच आवारातील दुसरा संघ

याच विद्यापीठाचा महिलांचा बास्केटबॉल संघही आहे आणि त्याची कहाणी अगदी वेगळी आहे. डग ब्रुनो हे १९७० नंतरच्या काही वर्षांत रे मायर यांच्या हाताखाली खेळलेले विद्यार्थी. म्हणजे मायर यांच्या पडत्या काळातील संघ त्यांनी आतून पाहिलेला होता. महिलांच्या संघाची सूत्रे त्यांनी प्रथम १९७६ साली आणि पुन्हा १९८० च्या दशकात हाती घेतली व २०२५ पर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. या काळात सातशेहून अधिक विजय त्यांच्या नावावर जमा झाले आणि वीसहून अधिक वेळा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळला. विद्यापीठ तेच, शहर तेच, गटही तोच.

महिलांच्या सामन्यांची परिस्थिती पुरुषांच्या सामन्यांपेक्षा भिन्न आहे, तेथे पैशाचा व प्रसिद्धीचा ताण निराळा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. या संघाच्या उंबरठ्यावर भूतकाळातील कोणतीही मोठी कीर्ती अडसर होऊन उभी नव्हती. दरवर्षी मागच्या वर्षाहून एक पाऊल पुढे, एवढीच अपेक्षा ठेवून तो वाढू शकला. जो वारसा ओझे न होता शिकवण झाला, तो रे मायर यांच्या पुत्रापेक्षा त्यांच्या शिष्याकडे अधिक सुखाने नांदला असे म्हणावेसे वाटते. जोई मायर २०२३ च्या डिसेंबरात निवर्तले. त्यांच्या सात राष्ट्रीय स्पर्धांची आठवण त्या वेळी पुष्कळांना झाली. १९९७ साली ती होणे अधिक न्याय्य झाले असते.

आपल्यासाठी बोध

या हकीकतीतून शाळा, महाविद्यालये आणि गावोगावची क्रीडामंडळे यांना घेण्यासारखे पुष्कळ आहे.

नवीन क्रीडाशिक्षक नेमताना त्याच्याकडून काय हवे आहे ते आरंभीच स्पष्ट ठरवावे. संघाने जिल्ह्यात पहिले यावे असे म्हणणे सोपे आहे. परंतु मैदान सपाट आहे काय, चेंडू पुरेसे आहेत काय, सरावासाठी वेळापत्रकात तास आहे काय, हे प्रश्न त्याच वेळी विचारले गेले पाहिजेत. यांतले काहीच बदलावयाचे नसेल, तर केवळ शिक्षक बदलून निकाल बदलेल ही आशा व्यर्थ होय.

दुसरे असे की, मुलांची एक तुकडी खालच्या वर्गातून वरच्या वर्गात जाईपर्यंतचा काळ शिक्षकाला मिळावा. तालमीतील वस्तादाकडे गावकरी एका कुस्तीचा हिशेब मागत नाहीत. पोरे अंगाने भरली का, डाव शिकली का, हे ते पाहतात. तीच दृष्टी शाळेच्या मैदानावरही असावी. मुदत संपल्यावर शिक्षक खरोखरच अपुरा ठरला तर बदल अवश्य करावा, पण तो हंगामाच्या मध्ये करू नये आणि मुलांना अंधारात ठेवून तर मुळीच करू नये. वर्षाच्या मध्यावर गुरू हरपलेली मुले सामना तर हरतातच, शिवाय मोठ्यांच्या शब्दावरील त्यांचा विश्वासही उडतो. पहिले नुकसान पुढच्या वर्षी भरून काढता येते, दुसरे तितके लवकर भरून येत नाही.

आणि शेवटी गतवैभवाविषयी. जुन्या ढाली शाळेच्या कपाटात अवश्य जपाव्यात आणि मुलांना त्यांचा अभिमानही सांगावा. मात्र ढाल मिळविणाऱ्या संघाची गोष्ट सांगताना, त्याच शिक्षकाच्या हाताखाली त्याआधी किती वर्षे हार पत्करावी लागली होती, तेही सांगावे. रे मायर यांच्या १९७९ च्या यशाची कथा त्यांच्या १९७०-७१ च्या सतरा पराजयांशिवाय पुरी होत नाही. त्या वर्षी त्यांना घरी पाठविले असते, तर ज्या मोजपट्टीने पुढच्या साऱ्या प्रशिक्षकांना मोजले गेले, ती मोजपट्टीच मुळी अस्तित्वात आली नसती.